क्लब कोणाचा? — फुटबॉल आणि जमाखर्चाची वही

भाताची कापणी झाली की गोव्यातील कित्येक शेतांची क्रीडांगणे होतात. दोन खांब रोवले की गोल तयार! सायंकाळी गावोगावचे संघ तेथे उतरतात आणि आपला संघ हरला तर त्या रात्री गावात कोणाला जेवण गोड लागत नाही. हे वेड विद्यार्थिमित्रांना नव्याने सांगावयास नको. परंतु या खेळाची आणखी एक बाजू आहे. ती मैदानावर दिसत नाही. ती हिशेबाच्या वहीत दिसते. त्या वहीची गोष्ट आज सांगावयाची आहे.

इंग्लंडमधील व्यवसायी फुटबॉलची रचना शाळेच्या इयत्तांसारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीग. तीत २० संघ. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू अशा तीन श्रेणी. प्रत्येकीत २४ संघ. वर्षअखेर प्रीमियर लीगमधील तळाचे तीन संघ खाली उतरतात आणि खालचे तीन वर चढतात. या उतरण्याला तिकडे ‘रेलिगेशन’ म्हणतात. शाळेत नापास झालेला मुलगा निदान त्याच वर्गात राहतो. येथे त्याला खालच्या वर्गात जाऊन बसावे लागते. नियम कठोर खरा, पण त्यामुळेच एखाद्या लहान गावच्या संघालाही केवळ गुणांच्या बळावर शिखर गाठण्याची आशा बाळगता येते.

मग अडचण कोठे? ती पैशात आहे. वरच्या श्रेणीला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अमाप द्रव्य मिळते. खाली उतरले की तो ओघ आटू लागतो. खेळाडूंचे करार मात्र काही वर्षांचे असतात. दूरदर्शी संचालक करारातच वेतनकपातीचे कलम घालून ठेवतात, पण सर्वच तसे करीत नाहीत. उत्पन्न घटते आणि वेतनाचा बोजा तसाच राहतो. उलट, उतरण्याच्या भीतीनेच मालक कर्ज काढून महागडे खेळाडू आणतो. जे टाळावयाचे, त्याचीच तयारी तो अशा रीतीने करून ठेवतो.

पोर्ट्समथचेच उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे आरमारी बंदर. तेथील क्लबाची स्थापना १८९८ सालची. १९४९ व १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे तो इंग्लंडचा विजेता ठरला होता. पुढे २००८ साली त्याने मानाचा एफ. ए. कप जिंकला आणि सारे शहर आनंदाने न्हाऊन निघाले. पण हा उत्सव ऐपतीबाहेरच्या वेतनांवर उभा होता. २००९–१० च्या एकाच हंगामात क्लबाने चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार थकले. फेब्रुवारी २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. प्रीमियर लीगमधील क्लबावर असा प्रसंग येण्याची ती पहिलीच वेळ. शिक्षा म्हणून नऊ गुण कापले गेले आणि हंगामाअखेर क्लब खाली उतरला. ते गुण कापले नसते तरी तो तळाशीच राहिला असता, हेही येथे सांगितले पाहिजे.

देणे दहा कोटी पौंडांहून अधिक होते. फुटबॉलच्या नियमानुसार खेळाडू व इतर क्लब यांची देणी प्रथम आणि पूर्ण फेडावी लागतात. बाकीच्या धनकोंना उरेल ते मिळते. या बाकीच्यांत मैदानावर प्रथमोपचार करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती! श्रीमंतांच्या उधळपट्टीची झळ कोणाला लागते, हे यावरून ध्यानी यावे.

२०१२ साली क्लब पुन्हा प्रशासनाखाली गेला. त्या वर्षी आणि २०१३ सालीही तो उतरला व चौथ्या श्रेणीत येऊन पडला. पण एप्रिल २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. समर्थकांनी विश्वस्त संस्था स्थापून, काही सधन समर्थकांच्या साहाय्याने, क्लबच विकत घेतला. दोन हजारांहून अधिक लोकांनी प्रत्येकी एक हजार पौंडांचा भाग घेतला. चौथ्या श्रेणीतही घरच्या सामन्यांना सरासरी पंधरा हजार प्रेक्षक येत. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब ऋणमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २०१७ साली चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो एक पायरी वर चढला.

त्याच वर्षी समर्थकांपुढे अवघड प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील धनाढ्य व्यवसायी मायकेल आयस्नर यांनी क्लब विकत मागितला. एक पक्ष म्हणे, जे रक्त आटवून वाचविले ते परक्याच्या हाती का द्यावे? दुसरा म्हणे, जुने मैदान दुरुस्त करावयास आणि वर चढावयास आपले भांडवल अपुरे आहे. मतदान झाले. फार मोठ्या बहुमताने विक्रीच्या बाजूने कौल पडला. पुढे २०२४ साली तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून क्लब दुसऱ्या श्रेणीत परतला. तेव्हा समर्थकांची मालकी हेच एकमेव औषध आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र सौदा करावयास क्लब जिवंत होता, तो त्यांच्याच काटकसरीमुळे.

याउलट बरी येथील क्लबाची कथा पाहा. १८८५ साली स्थापन झालेल्या आणि दोनदा एफ. ए. कप जिंकलेल्या या क्लबाने २०१९ च्या वसंतात वरची श्रेणी मिळविली. परंतु देणी भागविण्याची हमी मालकाला देता आली नाही आणि ऑगस्टमध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. पोर्ट्समथ तीनदा उतरूनही तरला. बरी चढता चढता बुडाला! अशा घटनांनंतर ब्रिटनच्या संसदेने २०२५ साली कायदा करून क्लबांच्या अर्थव्यवहारावर स्वतंत्र नियामक नेमण्याची व्यवस्था केली.

हा प्रश्न आपल्यालाही सर्वस्वी परका नाही. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये आरंभी चढण्या-उतरण्याची सोयच नव्हती. जुन्या क्लबांना खेळाच्या बळावर तेथे जाण्याची वाट उरली नाही, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे गोव्याचे नामांकित संघ आय-लीगमधून बाहेर पडले. पायऱ्या असल्या तर घसरण्याचे भय असते. पण पायऱ्याच नसल्या तर वर कोणी चढावे?

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. खाली उतरणे हा पराभव आहे, पण पुढल्या वर्षी तो धुऊन काढता येतो; बुडालेला क्लब मात्र सहजी पुन्हा उभा राहत नाही. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी गावच्या क्लबाचा खजिनदार होईल. संघ जिंकत असेल तेव्हा वही उघडावयास कोणी सांगणार नाही. नेमकी तेव्हाच ती उघडा.