रूटचा पासवर्ड काउंटरवर ठेवू नका!

व्हिडिओत आपण दुकानाच्या कॉम्प्युटरवर मायएसक्यूएल बसवलं. त्यात 'रूट' नावाचं अकाउंट आपोआप तयार होतं. हा सर्व्हरचा मालक. एका ओळीत अख्खा डेटाबेस पुसू शकतो.

माझ्याकडे आधी बिलिंगही रूटवरच चालायचं आणि पासवर्ड काउंटरवरच्या चिठ्ठीवर. कामावरचा मुलगा सोडून गेला, तेव्हा उधारीच्या यादीची धास्ती वाटली. रात्री पासवर्ड बदलला, तर सकाळी बिलिंगच बंद! सॉफ्टवेअरमध्ये जुनाच पासवर्ड होता ना.

म्हणून सुरुवातीलाच एवढं करा:

१. रूटला लांबलचक पासवर्ड द्या. तो फक्त तुमच्याकडेच राहू द्या.

२. बिलिंग सॉफ्टवेअरला वेगळं अकाउंट द्या. हक्क 'सिलेक्ट', 'इन्सर्ट', 'अपडेट' एवढेच. 'ड्रॉप' अजिबात नको.

३. सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर असेल तर ते अकाउंट 'लोकलहोस्ट'पुरतंच ठेवा. मग दुसऱ्या मशीनवरून त्यात शिरता येत नाही.

४. हिशेब बघणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट आणि फक्त 'सिलेक्ट'. तो बघेल, पण बदलू शकणार नाही.

आता कोणी काम सोडलं, तर फक्त त्याचं अकाउंट लॉक करायचं. बिलिंग चालूच राहतं, आणि आपल्याला झोपही लागते!