मागच्या चाकाचा इतिहास

मोटोक्रॉसच्या जागतिक अजिंक्यपदाचा विषय निघाला की इंजिनांचीच नावं घेतली जातात. माझ्या मते हा खेळ खरा बदलला तो मागच्या चाकाने.

इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या माळरानावर १९२४ साली पहिली ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे आजच्या मोटोक्रॉसची पूर्वज असलेली मोटरसायकल शर्यत, झाली. १९५२ मध्ये ५०० सीसीचं युरोपीय अजिंक्यपद सुरू झालं आणि १९५७ मध्ये त्याला जागतिक दर्जा मिळाला. पहिला जगज्जेता स्वीडनचा बिल निल्सन. डांबरी ट्रॅकवर पळणारी एजेएस मोटरसायकल त्याने चिखलासाठी बदलून घेतली होती. १९६२ पासून २५० सीसीचा वर्गही आला. ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्या दणकट होत्या, पण जड. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ मध्ये बीएसएवर ५०० सीसीचं विजेतेपद पटकावलं. पुढच्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या हलक्या टू-स्ट्रोकवर बाजी मारली, आणि १९९३ पर्यंत त्या वर्गात फोर-स्ट्रोकला जगज्जेतेपद मिळालं नाही. १९७० मध्ये बेल्जियमच्या जोएल रोबेरने सुझुकीला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि जपानी कारखान्यांचं पर्व सुरू झालं.

तरीही तोवर मागच्या चाकाची हालचाल जेमतेम चार इंच. दोन बाजूंना दोन आखूड शॉकॲब्सॉर्बर. खड्ड्यांची रांग लागली की ते तापायचे, त्यातल्या तेलाचा जोर सरायचा आणि मागचं चाक उसळू लागायचं. चाक हवेत असताना इंजिनाची ताकद वायाच जाणार. स्वार फुटरेस्टवर उभा राहून सगळे हिसके गुडघ्यांवर झेलायचा.

बेल्जियन अभियंता लुसिएन टिल्केन्सने यावर उपाय काढला: टाकीखाली आडवा बसवलेला एकच लांब शॉकॲब्सॉर्बर, ज्यामुळे चाकाला जास्त हालचाल मिळाली. यामाहाने ती कल्पना घेतली आणि १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान अँडरसनने त्या गाडीवर २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. मग सगळेच कारखाने चाकाची हालचाल वाढवायच्या मागे लागले. आज ती बारा इंचांच्या घरात आहे. उंच उड्या आणि लांब झेपा या बदलामुळेच शक्य झाल्या.

या सगळ्यात बेल्जियमसारखा चिमुकला देश पुन्हा पुन्हा येतो. रोबेरची सहा विजेतेपदं, रॉजर डी कोस्टरची पाच, हॅरी एव्हर्ट्सची चार आणि त्याचा मुलगा स्टेफान याची दहा. स्टेफानने २००६ च्या अखेरच्या हंगामात १५ पैकी १४ ग्रां प्री जिंकल्या आणि १०१ विजयांवर निवृत्ती घेतली. नेदरलँड्सच्या जेफ्री हर्लिंग्सने तो आकडा २०२३ मध्ये ओलांडला.

बेल्जियमच्याच नामूरची आठवण मात्र मला चटका लावते. किल्ल्याच्या टेकडीवर, झाडांच्या दाटीतून आणि कॅफेच्या दारासमोरून जाणारी ती वाट स्वाराची सगळी कसोटी पाहायची. २००७ नंतर तिथे जागतिक ग्रां प्री झाली नाही. आजचे मुद्दाम बांधलेले ट्रॅक प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्यांना सोयीचे आहेत, पण नामूरची सर त्यांना नाही. जुन्या शर्यतींची चित्रफीत हाती लागली, तर नामूरची आधी पाहा.