वीकेंडला साल्हेर? जा, पण सांभाळून!

जळगाव-धुळ्यातल्या आपल्या पिढीचा हिवाळी वीकेंड ठरलेला असतो. शनिवारी मल्टिप्लेक्स, रविवारी कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टी, आणि सोमवारी पुन्हा टार्गेट्स! यंदा त्यातला एक रविवार साल्हेरला द्या. आल्प्सचे फोटो वॉलपेपरला लावून सुस्कारे टाकणाऱ्यांना सांगते, अंगावर काटा आणणारी वाट आपल्या शेजारीच आहे.

साल्हेर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात येतो. पण धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत सकाळी सहज पोचता येतं. जळगावकरांनी धुळ्यापर्यंतचे सुमारे 90 किलोमीटर आणखी धरायचे, म्हणजे मुक्काम आदल्या रात्रीच टाकलेला बरा. उंची 1567 मीटर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला, आणि शिखरांमध्ये 1646 मीटरच्या कळसूबाईनंतर याचाच नंबर!

आम्ही वाघांबे गावातून चढलो. पहिला टप्पा साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीचा. दिसतो सोपा, पण घसारा असा की दोन पावलं पुढं, एक मागं. खिंडीतून खडकात कोरलेल्या पायऱ्या, मग दरवाजे. आणि त्यानंतर खरी परीक्षा! वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते. एका हाताला खोदलेल्या गुहा, दुसऱ्या हाताला थेट दरी. कठडा नाही, रेलिंग नाही.

इथंच आमच्यातला बँकेत काम करणारा मित्र थबकला. जिममध्ये तासभर ट्रेडमिलवर पळणारा हा गडी, पण पाय हलेना. गावातून सोबत आलेले काका शांतपणे म्हणाले, "खाले देखू नका, भाऊ." पाच मिनिटं तो गुहेत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी इथूनच परत." कुणी चिडवलं नाही. काका त्याला खाली घेऊन गेले, आम्ही पुढं निघालो. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यांत मोठी हिंमत त्यानं दाखवली. ग्रुपच्या लाजेखातर पुढं गेलेला माणूस उतरताना अडकतो, आणि उतरणंच जास्त अवघड असतं!

वर मात्र सगळं वसूल. गंगासागर तलाव, रेणुकामातेचं मंदिर, आणि शेवटच्या उभ्या टेकाडावर परशुरामाचं छोटंसं देऊळ. परशुरामानं इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी आख्यायिका आहे. हवा स्वच्छ असेल तर सालोटा, मुल्हेर, मांगी-तुंगीचे सुळके असा सगळा दरबार समोर भरतो. याच गडाच्या पायथ्याशी 1672 मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांची ती फत्ते, आणि त्याच लढाईत सूर्याजी काकडे धारातीर्थी पडले.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात साल्हेर आहे. अभिमान वाटायलाच हवा! पण नाव झालं की गर्दी आलीच, आणि ती आडवी वाट काही रुंद होणार नाही. समोरून कुणी आलं तर गुहेच्या बाजूला थांबा, त्यांना जाऊ द्या. त्या पट्ट्यात सेल्फी नाही म्हणजे नाही!

बाकी टिप्स सोप्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसात पायऱ्या निसरड्या होतात आणि मे महिन्याचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणशी तीन लिटर पाणी, चांगल्या ग्रिपचे बूट, हात मोकळे राहावेत म्हणून पाठीवर सॅक. चढायला तीन तास धरा. दुपारी दोनच्या आत उतरायला लागा, शिखर गाठलेलं असो वा नसो. आणि वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला चार पैसे मिळतात, तुम्हाला वाट मिळते.

शिखर कुठं पळून जात नाही, मंडळी. पुढच्या रविवारीही ते तिथंच असेल!