जनावरांचे अपचन वेळीच ओळखा

पहिल्या पावसानंतर बांधावर कोवळे गवत येते, सुगीत खळ्यावर धान्याची रास पडते आणि लग्नसराईत उरलेला भात व पोळ्या गोठ्यात येतात. गाई-म्हशींना अपचन होण्याचे प्रसंग अशाच वेळी जास्त येतात. याचे मुख्य कारण म्हणजे आहारातील अचानक बदल. जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीवजंतू चारा आंबवून पचवितात. नव्या आहाराची सवय होण्यास त्यांना दोन-तीन आठवडे लागतात.

पहिली खूण : निरोगी गाय दिवसभरात सुमारे ६ ते ८ तास रवंथ करते. अपचनात रवंथ करणे मंदावते, दाणा शिल्लक राहतो, दूध घटते. डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरावी. एरवी २ मिनिटांत २ ते ३ वेळा कोठीपोटाची हालचाल हाताला जाणवते. ती मंद किंवा बंद असल्यास अपचन समजावे. मात्र सर्व अपचन सारखे नसते.

१) साधे अपचन : शेण कमी व घट्ट पडते, जनावर सुस्त दिसते, बहुधा ताप नसतो. दाणा बंद करून चांगली वाळलेली वैरण व स्वच्छ पाणी द्यावे. एका दिवसात फरक न पडल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

२) धान्य जास्त खाल्ल्याने होणारे अपचन : कोठीपोटात आम्ल वाढते. साधारण १२ ते ३६ तासांत लक्षणे दिसतात. शेण पातळ व आंबूस वासाचे होते, त्यात दाणे दिसतात. डोळे खोल जातात, जनावर झोकांड्या देते व बसून राहते. एक-दोन दिवसांत ते दगावू शकते. त्यामुळे धान्य खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यकास बोलवावे.

३) पोटफुगी : कोवळा लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्ल्यावर डावी भकाळी फुगते. टिचकी मारल्यास ढोलासारखा आवाज येतो, श्वास कोंडतो. काही तासांतच जीव जातो, म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. पशुवैद्यक येईपर्यंत जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असे उभे करावे. गिळता येत असल्यास मोठ्या जनावरास २५० ते ३०० मि.लि. गोडे तेल हळूहळू पाजावे. आडव्या पडलेल्या जनावरास काहीही पाजू नये, ते फुप्फुसात जाते. पोटात स्वतः सुई किंवा दाभण खुपसू नये.

अपचन वारंवार होत असेल, जनावर पाठीला बाक देऊन उभे राहत असेल आणि उतारावर चालताना कण्हत असेल, तर पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका घ्यावी.

नवा चारा जुन्यात थोडा थोडा मिसळून वाढवावा. लसूणघास वाळल्या कडब्याच्या कुट्टीबरोबर द्यावा. धान्याच्या पोत्यांची खोली बंद ठेवावी. धार काढताना दोन्ही वेळा भकाळीकडे व शेणाकडे नजर टाकावी.