रक्ताच्या नळीला थुंकीची बाटली

कोल्हापुरात भर रस्त्यात कुणाला फिट आली, तर कांदा फोडून नाकाशी धरणारं किंवा चप्पल हुंगवणारं कुणीतरी गर्दीत अजून निघतं. शास्त्रानं मात्र १९३८ मध्येच फिटवरचं फेनिटॉइन हे औषध हाती दिलं होतं. मेरिट आणि पुटनम या संशोधकांचं ते काम. आपल्याकडे ते एप्टॉइन या नावानं घरोघरी पोचलं.

औषध गुणी, पण लहरी. यकृताची ते पचवण्याची ताकद एका मर्यादेला संपते. रोजचे ३०० मिलिग्रॅम पुरेनात म्हणून ४०० केले, की रक्तातलं प्रमाण दुप्पटही होऊ शकतं. मग माणूस झोकांड्या खातो, डोळे थरथरतात आणि बघणाऱ्यांना तो प्यायलेला वाटतो. म्हणून १९६०च्या दशकात रक्तातलं प्रमाण मोजायला सुरुवात झाली. फेनिटॉइनचा पल्ला ठरला दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. आपल्या राज्यात १९८०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या विभागानं हे काम रुजवलं.

रक्ताऐवजी थुंकीत औषध मोजायची कल्पना मुंबईतल्या या कामाहून जुनी. १९७४-७५ मध्येच ब्रिस्बेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी थुंकी आणि रक्त शेजारी ठेवून तपासलं होतं. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन प्रथिनांना चिकटून असतं. मेंदूवर काम करतं ते उरलेलं मोकळं औषध, आणि थुंकीत झिरपतं तेही तेवढंच. कुपोषण, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण यांत प्रथिनं घटतात. तेव्हा रक्ताचा एकूण आकडा फसवतो, थुंकीचा नाही. सुई टोचायला नको, लेकरू रडत नाही.

तरी पन्नास वर्षं रक्ताचीच नळी जिंकली. थोडा दोष थुंकीचाही आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध थुंकीत इतकं कमी आणि बेभरवशाचं उतरतं, की त्याचा आकडा कामाचा नाही. सिरप घेतल्या घेतल्या नमुना दिला, तर तोंडात राहिलेलं औषधच मोजलं जातं. शिवाय फेनिटॉइननं हिरड्या सुजतात. त्यातून रक्त आलं, की नमुना बाद! पण मोठं कारण वेगळं वाटतं: प्रयोगशाळांचे संच, पल्ले, दरपत्रकं सगळी रक्तासाठी बसवलेली. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये रक्त आणि थुंकीची तुलना प्रसिद्ध केली, तरी रोजच्या कामात थुंकी आली नाही.

आता लेव्हेटिरासिटाम हे फिटचं नवं औषध आलं. त्याचं प्रमाण सहसा मोजावं लागत नाही, म्हणून हा प्रश्नच मिटला असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. लॅमोट्रिजिन हे फिटचं आणखी एक औषध; ते घेणाऱ्या गरोदर बाईच्या शरीरातून ते झपाट्यानं बाहेर पडू लागतं, प्रमाण निम्म्याखालीही जाऊ शकतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उलटा प्रवास होतो आणि वाढवलेला डोस जड पडतो. दर महिन्याला मोजायला हवं. चंदगड किंवा गगनबावड्याच्या बाईनं त्यासाठी दरवेळी एसटीनं कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठायचं? लॅमोट्रिजिन थुंकीत चांगलं मोजता येतं. सकाळच्या गोळीआधी, चूळ भरून, थोडं थांबून दिलेला नमुना आशाताईंच्या हाती तालुक्याला आणि तिथून पुढे जाऊ शकतो. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेनं ही सोय सुरू करायची, तर पहिला मान या बायकांचा.