खालचे सूर (लेखांक ६) : कॉम्बो कुणासाठी वाजतो?

दुकानात अ‍ॅम्प विकला जातो तो वॉटवर. 'हा चाळीसचा, हा शंभरचा, हा पाचशेचा,' असं विक्रेता बोट दाखवत जातो आणि गिऱ्हाईक खिशाचा अंदाज घेत मधला उचलतं. तारा, पिकअप, केबल यांबद्दल आपण आतापर्यंत बोललो. तिथे निवड फसली तरी थोडक्यात निभावतं. कॉम्बोची, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या खोक्याची, फसलेली निवड महाग पडते, आणि वर ती दर कार्यक्रमाला उचलून न्यावी लागते.

म्हणून वॉटचा आकडा जरा बाजूला ठेवू. आधी हे ठरवा : तुमचा बेस शेवटच्या रांगेपर्यंत कोण पोचवणार आहे? हॉलची साउंड सिस्टिम, की तुमचा कॉम्बो?

पुण्या-मुंबईतल्या ज्या पबमध्ये बँड नेहमी वाजतात, तिथे कन्सोल असतो, सबवूफर असतात, साउंड इंजिनियर असतो. बेसचा सिग्नल डीआयमधून, म्हणजे डायरेक्ट बॉक्समधून, सरळ कन्सोलला जातो आणि लोक जे ऐकतात ते सबमधून. अशा ठिकाणी कॉम्बो वाजतो तो तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. तो मोठा असून उपयोग नाही, उलट अडचणच. मंचावरचा बेस हॉलभर घुमू लागला की साउंडवाला तुमचा फेडर खाली ओढतो, आणि मग लोकांना जो बेस ऐकू येतो तो भिंतीवर आपटून आलेला, गढूळ. इथे शंभर वॉटचा कॉम्बो पुरतो. ड्रमर हाताने हलका असेल तर चाळीसचाही.

लग्नाच्या लॉनवर गोष्ट निराळी. मग ते पुण्यातलं असो की मडगावातलं. भाड्याच्या साउंडमध्ये बहुधा दोन टॉप असतात आणि सब नसतो. त्यात बेस घातला की सगळी ताकद बेसच खातो आणि गायिकेचा आवाज चिरकू लागतो. साउंडवाला जाणता असेल तर आधीच सांगतो, 'बेस तुमचा तुम्ही सांभाळा.' त्या संध्याकाळी तुमचा कॉम्बोच बेसपुरती साउंड सिस्टिम असतो. समोर पूर्ण ड्रमसेट, वर उघडं आकाश, आवाज परतवायला एकही भिंत नाही. इथे शंभर वॉटवाला दुसऱ्या गाण्यालाच हात टेकतो.

मोटाउनच्या गाण्यांवर ज्याचा बेस आहे त्या जेम्स जेमर्सनचं उदाहरण इथे आठवतं. स्टुडिओत तो बहुतेक वेळा अ‍ॅम्प न लावता थेट कन्सोलमध्ये वाजवत असे. क्लबमध्ये मात्र त्याच्यासोबत अँपेगचा बी-१५ असायचा. हा १९६० साली आलेला, पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प. त्याची सुरुवातीची ताकद जेमतेम २५ वॉट. आणि जागा मोठी असली की जेमर्सन दोन पंधरा इंची स्पीकर असलेला कस्टम कंपनीचा अ‍ॅम्प घेऊन जाई. वाजवणारा तोच, बेस तोच. जागा बदलली की अ‍ॅम्प बदलला. आपल्यापैकी बहुतेकांना एकातच सगळं भागवायचं असतं, ही गोष्ट वेगळी.

आता वॉट. चार तारांच्या बेसवरची सर्वांत जाड तार, मोकळी ई, ४१ हर्ट्झवर कंप पावते. पाच तारांच्या बेसवरची बी त्याहून खाली, ३१ च्या आसपास. माणसाचा कान या टापूत मंद आहे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी बेल लॅबमध्ये हे मोजलं आणि १९३३ साली त्याचे आलेख प्रसिद्ध केले : खालचा सूर मधल्या सुराइतका मोठा वाटायचा असेल तर तो कितीतरी जास्त दाबाने हवेत ढकलावा लागतो. म्हणून गिटारवाल्याचा ३० वॉटचा अ‍ॅम्प अख्ख्या बँडला बहिरं करू शकतो आणि बेसवाला ३०० वॉट घेऊन 'मला मीच ऐकू येत नाही' म्हणत असतो. यात बेसवाल्याचा दोष नाही.

पण वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज काढून टाका. ताकद दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल. लक्षात येईल एवढा फरक, त्याहून जास्त नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. चाळीसवरून ऐंशीवर जाण्यासाठी मोजलेले पैसे म्हणूनच वाया गेल्यासारखे वाटतात. शंभरवरून पाचशेवर गेलात तर ७ डेसिबल मिळतात आणि ते मंचावर स्पष्ट जाणवतात.

स्पीकर किती कार्यक्षम आहे हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, असा हा आकडा असतो. एका स्पीकरचा ९४ आणि दुसऱ्याचा ९७ असेल, तर दुसरा शंभर वॉटमध्ये तेवढाच वाजेल जेवढा पहिला दोनशेमध्ये. स्पीकर स्वतंत्र विकत घेतला तर हा आकडा माहितीपत्रकात मिळतो. कॉम्बोच्या खोक्यावर तो क्वचितच छापतात, कारण वॉटचा आकडा जास्त भारदस्त दिसतो. त्यातही 'पीक' वॉट लिहिले असतील तर तो आकडा विसरून जा आणि आरएमएस किती ते विचारा.

दहा इंची घ्यावा, बारा की पंधरा, यावर बेसवाल्यांची भांडणं रात्र रात्र चालतात. पंधरा इंची खाली जातो आणि दहा इंची 'पंची' असतो, हे ठरलेलं वाक्य. अर्धवट खरं. स्पीकर किती खाली जाईल ते त्याच्या व्यासापेक्षा तो किती मागेपुढे सरकू शकतो आणि पेटीत हवेला किती जागा आहे, यावर ठरतं. पेटी लहान हवी, आवाज मोठा हवा आणि बेस खोल हवा, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. लहानशा कॉम्बोत खोल बी तार वाजते असा दावा कुणी केला, तर तो मोठ्या आवाजात वाजवून दाखवायला सांगा. पाच तारांचा बेस वाजवणाऱ्यांनी एकाच दहा इंची स्पीकरच्या नादी लागू नये. जोरात वाजवलेली बी त्यातून सुरासारखी येत नाही, फडफडीसारखी येते. आणि गिटारचा अ‍ॅम्प बेससाठी वापरू नका, एका रात्रीपुरताही नाही. त्याचा स्पीकर एवढ्या मोठ्या हेलकाव्यांसाठी बनवलेला नसतो.

एक नेहमीचा कॉम्बो उलगडून बघू. फेंडरचा रम्बल ५०० : दोन दहा इंची स्पीकर, वजन साडेसोळा किलोंच्या आसपास. नावात पाचशे आहेत, पण आतल्या स्पीकरांवर तो ८ ओमला ३५० वॉटच देतो. पाचशे मिळतात ते मागच्या जॅकला ८ ओमचं आणखी एक कॅबिनेट जोडल्यावर, कारण ८ आणि ८ समांतर जोडले की ४ होतात. आता हिशेब करा. ३५० वरून ५०० म्हणजे केवळ दीड डेसिबल. पण हवा ढकलणारा कागद दुप्पट झाला, त्याचे साधारण ३ डेसिबल वेगळे. मिळून साडेचार. म्हणजे जास्तीच्या कॅबिनेटचा खरा फायदा वॉटमध्ये नाही, कागदाच्या क्षेत्रफळात आहे. पबला एकटा कॉम्बो न्यायचा, लॉनवर कॅबिनेट जोडून न्यायचं. एकाच कॉम्बोवर दोन्ही कामं होतात. म्हणून मी 'एक्स्टेन्शन'चा जॅक असलेलाच कॉम्बो घ्या म्हणतो. फक्त अ‍ॅम्प कमीत कमी किती ओम झेपवतो ते मागच्या पाटीवर वाचा. आतला स्पीकर आधीच ४ ओमचा असेल आणि मर्यादाही ४ चीच असेल, तर तिथे काहीही जोडू नका, अ‍ॅम्प जळेल.

वजनाबद्दल थोडं जास्तच बोलणार आहे, कारण तरुण वाचक हा मुद्दा वगळून पुढे जातात. १९६९ साली अँपेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला आणि रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षीच्या दौऱ्यात तो वापरला. हेडच जवळजवळ चाळीस किलोंचं आणि दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट साठ किलोंच्या पुढे. त्या मंडळींकडे उचलायला माणसं होती. आपल्याकडे असते रिक्षा, लिफ्ट बंद असलेला दुसरा मजला आणि मागच्या दाराचा जिना. क्लास डीचे अ‍ॅम्प, स्विच-मोड पॉवर सप्लाय आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर यांनी हे ओझं निम्म्याहून कमी केलं. इटलीच्या मार्कबासने बारा इंची स्पीकरचे चौदा किलोंच्या आतले कॉम्बो काढले तेव्हापासून पंचवीस किलोंचा जुना कॉम्बो कौतुकाने बाळगण्याचं कारण उरलं नाही. एक तोटा आहे आणि तो सांगायला हवा : जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प बिघडला तर गल्लीतला रेडिओ मेकॅनिकही तो उघडून पार्ट बदलून द्यायचा. क्लास डीचा बिघडला की बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. बोर्ड इथे मिळतो का आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा.

डीआय आउट नसलेला कॉम्बो गिगसाठी घेऊ नका. असेल तर त्याच्याशेजारी दोन बटणं शोधा. एक 'प्री-पोस्ट'चं : प्रीवर ठेवलं की तुम्ही कॉम्बोचे टोनचे नॉब कसेही फिरवले तरी कन्सोलला जाणारा आवाज बदलत नाही. साउंडवाल्याशी सलोखा ठेवायचा तर प्रीवरच ठेवा. दुसरं 'ग्राउंड लिफ्ट'चं : कन्सोलला जोडल्यावर गुणगुण सुरू झाली तर हे दाबायचं. काही जण ती गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं करू नका. पावसाळ्यात ओल्या लॉनवर, जनरेटरवर, एका हातात बेसच्या तारा आणि ओठ माइकला लागलेले असताना ती पिन तुम्हाला वाचवते.

परदेशातून नातेवाइकाकरवी अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि अमेरिकेतला १२० चा, हे विसरू नये. काही कॉम्बोंना मागे व्होल्टेजचा स्विच असतो, काही दोन्हीकडे चालतात, काही फक्त एकाच देशासाठी बनवलेले असतात. पाटी वाचून मगच पैसे पाठवा.

आता दुकानात. शांत एसी खोलीत, हळू आवाजात, खालचे आणि वरचे नॉब चढवून मधला उतरवला की कुठलाही कॉम्बो छान लागतो. तोच आवाज ड्रम आणि दोन गिटारांच्या मध्ये गेला की नाहीसा होतो, कारण बँडमध्ये बेस ऐकू येतो तो मुख्यतः मधल्या पट्टीत, साधारण दोनशे ते आठशे हर्ट्झच्या भागात. तेव्हा सगळे नॉब मध्यावर ठेवा. गेन वाढवत जा. सगळ्यात जोरात मारलेल्या सुराला क्लिपचा दिवा क्षणभर लुकलुकला की तिथून थोडा मागे घ्या. मग व्हॉल्यूम, गिगला ठेवाल तेवढा. आता ई तारेवर मोकळ्या सुरापासून बाराव्या पट्टीपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवत जा. कुठे पेटी खडखडते, कुठे एखादाच सूर फुगतो, कुठे विरतो, ते इथे कळतं. सेकंडहँड घेताना तर ही परीक्षा टाळूच नका. शेवटी लांब केबल मागा आणि दहा-बारा फूट दूर उभे राहा. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते, त्यामुळे एका कोपऱ्यात बेस दणदणतो आणि चार पावलांवर गायब होतो. याला कॉम्बो जबाबदार नाही, खोली आहे. दोन-तीन जागा बदलून ऐकलं की दोघांचा वाटा वेगळा करता येतो. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. बेस स्वतःचाच न्या, दुकानातला नको.

मंचावर कॉम्बो जमिनीवर ठेवला तर तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातो. खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा. फळ्यांचा पोकळ मंच असेल तर उचलून ठेवल्याने घुमणंही कमी होतं. हाय-पास फिल्टर असेल तर तो ३५-४० हर्ट्झच्या खाली लावा. तिथे ऐकण्यासारखं फारसं काही नसतं, पण स्पीकर तिथेच दमतो.

माझा निकाल विचाराल तर असा. महिन्याला दोन-तीन गिग, कधी पब, कधी लॉन, असा ज्यांचा क्रम आहे त्यांनी बारा इंची एक किंवा दहा इंची दोन स्पीकरांचा, ८ ओमला ३०० वॉट आरएमएसच्या आसपास देणारा, डीआय आणि एक्स्टेन्शन जॅक असलेला, सतरा किलोंच्या आतला कॉम्बो घ्यावा. फक्त साउंड सिस्टिम असलेल्या जागीच वाजवत असाल तर शंभरचा घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला डीआय पेडल. त्या पेडलबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्याकडे जो अ‍ॅम्प आहे त्याच्या मागची ओमची आणि व्होल्टची पाटी एकदा वाचून ठेवा. पुढचा लेख समजायला ती लागेल.