शिंगराचे पहिले चोवीस तास

घोडी साधारण ३४० दिवस गाभण असते. दोन-तीन आठवडे मागेपुढे झाले तरी घाबरायचे कारण नाही. विण्याच्या एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब जमू लागतात. बहुतेक घोड्या रात्रीच वितात आणि पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. आधी दिसतो तो पांढरट पडदा. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी दिसली, तर वार अगोदरच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. अशा वेळी डॉक्टर पोचेपर्यंत थांबू नये, पिशवी लगेच फाडावी.

खरा जीव आहे तो चिकात. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटातच वारेतून मिळतात. घोडीच्या वारेतून ती जात नाहीत, म्हणून शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्मते. चिकातली प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून थेट रक्तात उतरतात, पण ही सोय फक्त पहिल्या दिवसापुरती. तीही तासागणिक कमी होत जाते आणि चोवीस तासांत संपते. नंतर कितीही चीक पाजला तरी तो रक्तात पोचत नाही.

म्हणून शिंगरू तासाभरात उभे राहिले का, दोन तासांत प्यायले का, हे घड्याळ लावून पाहावे. वार तीन तासांत पडावी. ओढू मात्र नये. आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून हौसेने गाभण घोडी आणणाऱ्यांनो, शिंगरू दिवसाचे होण्याआधी पशुवैद्याकडून त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासून घ्याच.